गल्लीचा फोन

संघपाल मेश्रामांनी वाडीत घर बांधलं, तेव्हा अख्ख्या गल्लीत फोन एकच, आणि तो त्यांच्याकडे. टेलिफोन खात्यातला लाइनमन म्हटल्यावर तेवढा मान होताच. नंबर त्यांचा, हक्क मात्र गल्लीचा. लोकांच्या लग्नपत्रिकांवरही तोच बिनदिक्कत छापला जायचा. फोन वाजला की अंजनाबाई अंगणातून हाका मारत सुटायच्या, आणि शेजारी येऊन स्टुलावर टेकला की नवऱ्याला दंडाला धरून बाहेर न्यायच्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा त्यांचा कायदा. मग दोघं पेरूखाली उभे राहायचे. खरं सांगायचं तर या नवरा-बायकोच्या निम्म्या गप्पा दुसऱ्यांच्या फोनमुळे झाल्या.

पुढे घरोघरी मोबाईल आले, लाइन कापली गेली. मग अंजनाबाईही गेल्या.

आता मुलगी रोशनी घरापासून जवळची, मिहानमधली नोकरी सोडून पुण्याला निघाली होती. बापाचा मोबाईल चार्ज असेल याचा भरवसा नाही. म्हणून तिनं दोन पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, घेतले, एक दारावरच्या कॅमेऱ्याला, एक फोनला. माळ्यावरचा जुना काळा फोन काढून अडॅप्टरनं राउटरला जोडला, आणि नको त्यांना बाहेरच अडवणारी फायरवॉल लावायला बसली.

"बाबा, हे पत्ते रस्त्यावरच्या घरासारखे हायेत. जगातलं कोणीबी येऊन दार वाजवते. म्हणून सगळ्यांले बंद करून राहिली."

"मंग आत येईन कोण?"

"मी. एकटी."

संघपालांना ते लागलं. "बाजूच्या गोपिकाबाईचं नाव टाक ना त्याच्यात."

"काहून? काकूपाशी मोबाईल हाये."

तरी ते शेजारी विचारायला गेलेच. गोपिकाबाई खळखळून हसल्या. "भाऊ, माह्यापाशी दोन-दोन फोन हायेत!" संघपालही हसले. घरी येऊन काळा फोन उगाच पुसत बसले. मुलगी गेल्यावर या उंबऱ्याशी कोणाचं काही काम उरणार नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

रोशनी गेली. पहिल्याच रविवारी सकाळी फोन खणाणला.

"बाबा, गोपिका काकूले बोलावून द्या ना. पाटोड्या करून राहिली, पण सगळ्या फुटून राहिल्या."

"तिच्या मोबाईलवर लाव ना वं."

"नाही. इथंच बोलवा. मी फोन धरून ठेवते."

संघपाल चप्पल न घालताच सुटले. "गोपिकाबाई, तुमचा फोन हाये! पुण्याहून!" गल्लीतली दोन दारं उघडली, माणसं बघू लागली.

गोपिकाबाई कणकेच्या हातांनीच आल्या. खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसल्या, आणि पुण्यापर्यंत आवाज तसाच पोचवायचा असल्यासारख्या मोठ्यानं बोलू लागल्या.

संघपाल गुपचूप बाहेर आले. पेरूखाली जाऊन उभे राहिले, थोडे उन्हाकडे सरकून. सावलीतली जागा अंजनाबाईंची होती.