तारवाले नाना

पहिल्या भेटीत नाना कुणालाच तोंड उघडायला सांगत नसत. धुळ्याच्या माझ्या दवाखान्यात ते दर गुरुवारी जळगावहून एसटीने यायचे, वाकड्यातिकड्या दातांना तारा लावायला. पेशंट सवयीने आ वासून बसायचा. नाना म्हणायचे, "मिटा. आधी बोलू." मग गाव कोणतं, घरी कोण कोण, जेवायला काय आवडतं, अशा गप्पा सुरू व्हायच्या. पेशंटला वाटे, म्हातारा बडबड्या आहे. नाना मात्र ओठ कसे मिटतात, हसताना हिरडी किती दिसते, गिळताना जीभ कुठे जाते, ते बघत असायचे.

मी दातांची साधी डॉक्टर. कीड काढावी, रूट कॅनाल करावं, कवळी बसवावी. त्यामुळे एक्स-रे आणि दातांचे प्लॅस्टरचे साचे घेऊन झाले, की लगेच तारा का लावत नाहीत, असं मला सुरुवातीला वाटायचं. नाना ते साचे कागदात गुंडाळून घरी न्यायचे आणि पुढच्या गुरुवारी निर्णय सांगायचे. "तार ओढते, मॅडम. कुठे न्यायचं ते तिला कळत नाही. ते आपण आधी ठरवायचं," ते म्हणत. बायको गेल्यापासून जळगावच्या घरात ते एकटेच होते, मुलगी बंगळुरूला. साचे जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवतो, असं त्यांनी एकदा सांगितलं. "समोर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं," म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही.

एकदा नरडाण्याजवळच्या एका खेड्यातून वैशाली नावाची मुलगी वडिलांबरोबर आली. वरचे दात बरेच पुढे, वरच्या-खालच्या दातांमध्ये बोट जाईल एवढी फट. खुर्चीत बसायच्या आधीच वडील अहिराणीत म्हणाले, "पोरनं लगीन करनं शे, डॉक्टर. ह्या दात लवकर मांगे लई ल्या."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मुलीला विचारलं, "तुला स्वतःला काय त्रास होतो?"

ती हळूच म्हणाली, "पुढच्या दातांनी भाकरी तुटत नाही. लोकांसमोर मी जेवतच नाही."

वडील तिच्याकडे बघत राहिले. हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी नानांनी एक्स-रे दाखवून समजावलं. खालचा जबडाच मागे राहिलाय. नुसते वरचे दात मागे ओढले तर दाढाच पुढे सरकतील आणि फट तशीच राहील. दाढा जागेवर धरून ठेवायला आधार द्यावा लागेल, काही दात काढावे लागतील, दोन वर्षं लागतील. वडील उठलेच. पुढचे दात घासून त्यावर झटपट टोप्या चढवणारा दुसरा कुणी त्यांना भेटला होता. नाना एवढंच म्हणाले, "दात चांगले आहेत तिचे, भाऊ. घासू नका." ते दोघं गेले. पायऱ्या उतरताना वैशालीने मागे वळून पाहिलं.

पुढे नानांचा उजवा हात थरथरू लागला. हे आजारपण वाढत जाणारं आहे, हे कळल्यावर त्यांनी नवीन पेशंट घेणं थांबवलं. "अर्धं तोंड दुसऱ्यावर टाकून जाणं मला जमणार नाही," म्हणाले. आधी हातात घेतलेल्यांचं काम तेवढं ते पुरं करू लागले. एकेकाच्या तारा निघत गेल्या आणि गुरुवार ओस पडू लागला. कधी कधी एकाच पेशंटसाठी ते जळगावहून यायचे, आणि काम झालं तरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाकावर बसून राहायचे. लवकरची गाडी असायची, पण ते ती घेत नसत.

अशाच एका गुरुवारी वैशाली आली, एकटी. ठरलेलं लग्न मोडलं होतं. टोप्यांना तिने स्वतःच नकार दिला होता आणि आता ती नरडाण्याला एका कारखान्यात कामाला होती. "नाना, तुम्ही सांगितलेलं अजून करता येईल का?"

नानांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. "करता येईल. पण मी करणार नाही," ते म्हणाले. तिचा चेहरा पडला, तसे घाईने पुढे म्हणाले, "करणारा शोधून देतो."

तारांचंच काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी माझ्या दवाखान्यात बोलावलं. त्याच्याशी ते दुपारभर भांडले. हाडात बारीक स्क्रू बसवून त्यांचा आधार घेतला तर कमी दात काढून भागेल, असं त्याला वाटत होतं. शेवटी त्याचं म्हणणं नानांनी मान्य केलं. "तुझं बरोबर आहे. माझ्या वेळी ही सोय नव्हती," असं सरळ म्हणाले. त्या संध्याकाळी ते लवकरच्या गाडीने गेले आणि पुन्हा धुळ्याला आले नाहीत.

वैशालीचं काम नीट झालं. ते सांगायला मी फोन केला तेव्हा नानांची मुलगी त्यांना बंगळुरूला घेऊन गेली होती. नानांनी सगळं बारकाईने विचारून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, इथे समोरच्या बाल्कनीत एक पोरगी खेळते. सात-आठ वर्षांची असेल. सारखं तोंड उघडं. नाकाने श्वासच घेत नाही. जबडा वाढायचं वय आहे हे, आत्ताच दाखवलं तर सगळं साधेल."

"मग सांगा ना तिच्या आईला."

"मला त्यांची भाषा येत नाही. आणि माझी मुलगी म्हणते, बाबा, कुणी विचारलं नसताना सांगायला जाऊ नका."

खालच्या रस्त्यावरचे हॉर्न फोनमधून ऐकू येत होते.

"आत्ता पण खेळतेय," नाना म्हणाले. "हात केला तिने मला."