बुक्रा, इन्शाल्ला

निझवात मी शिंपी. ओमानी पुरुषांचे लांब पांढरे झगे, डिशडाशा, शिवतो. ईदच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि जो तो एकच विचारतो, कधी मिळणार? आम्हा शिंप्यांचं उत्तरही ठरलेलं. "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या, देवाच्या मनात असेल तर. देव बिचारा फुकट बदनाम.

आमच्या अर्बाबला, म्हणजे दुकानाच्या मालकाला, मोबाइलवर व्हिडिओ टाकायचा नाद लागला आणि त्यानं नेमकं हेच धरलं. तो गिऱ्हाईक होऊन विचारणार, मी गळ्यात टेप घालून, मान डोलवत, दात काढून म्हणणार, "बुक्रा, इन्शाल्ला!" लोकांना आवडलं ना! पार लांबच्या इब्रा शहराहून गाड्या घेऊन माणसं यायला लागली, शिवायला कमी आणि माझ्यासोबत सेल्फी काढायला जास्त. मग रोज काहीतरी नवीन हवं. कधी मी झगा उलटा घालायचा, कधी डोक्यावर अर्बाबची टोपी. आयला, शिंप्याचा पार नंदीबैल झाला! दिवसभर मशीनवर वाकून पाठीचा काटा ढिला व्हायचा आणि हा म्हणायचा, "यल्ला, चल, हस!" माणूस वाईट नव्हता. त्याला माझा थकवा दिसत नव्हता, एवढंच.

यंदाची ईद झाली की कायमचं गावी जायचं, असं मी ठरवलं होतं. बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणते कशी, "कशाला येताय? रोज बघतो ना आम्ही तुम्हाला. किती मजेत असता! अख्ख्या वाडीला दाखवते मी, आमचे हे बघा कसे हसतायत. इथे येऊन वैतागाल नुसते."

"अगं, ते खोटं असतं."

"खोटं कसं? डोळ्यांना दिसतंय की."

फोनवर मी दमलेला, हूं-हूं करणारा. व्हिडिओतला हसरा. तिनं हसराच खरा धरला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे डोंगर मीच झालो होतो. राग आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या डोक्यात नवी कल्पना. "आज तुझ्या भाषेत सांग, कधी मिळणार ते. यल्ला!"

मी टेप गळ्यात घातली, मान डोलावली, दात काढले आणि म्हणालो, "अगं, हे हसणं पगारी आहे. थकलो मी. मला घरी यायचंय. या म्हण ना."

अर्बाब पोट धरधरून हसला. "खलास, टाकला!" थोड्याच वेळात व्हिडिओखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

दुपारी दुकान बंद करून आडवा झालो होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"अहो, आजचा व्हिडिओ मी कोणालाच नाही दाखवला," ती म्हणाली. "या तुम्ही. कधी येताय?"

सवयीनं तेच तोंडात आलं होतं. गिळलं, आणि म्हणालो, "ईद झाली की निघतो."