नंदू गॅलरीतून उतरायचा

काही माणसं उंचीसाठीच जन्माला येतात. गेल्या महिन्यात नंदकुमार दिघे याच्या शोकसभेत हे वाक्य एकामागून एक वक्त्यांनी म्हटलं, आणि शेवटच्यानं तर ‘आज हिमशिखरंही नतमस्तक आहेत’ अशी भर घातली. नंदू हिमालयाच्या सर्वात जवळ गेला तो हरिद्वारला, आईच्या अस्थी घेऊन, आणि धुक्यामुळे तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. बाकी त्याचं सगळं गिर्यारोहण ग्वाल्हेरबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत झालं. तिच्या माथ्यावर उभं राहिलं की हायवेवरच्या ढाब्याची पाटी वाचता यायची. नई सडकवर त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे ती पाटी कोणाला वाचता येत नाही याकडेही त्याचं लक्ष असे.

बातमी तेजूनं दिली. तेजू ही आमच्या खाणीतल्या टोळीतली सर्वात लहान, एका शाळेत पी.टी. शिकवते. ‘सर, नंदूभैय्या...’ एवढं मराठीत म्हणाली आणि पुढे हिंदीत गेली, ‘सुबह उठे ही नहीं.’ मला आधी वाटलं, पाय पुन्हा दुखावला असेल. गेलं वर्षभर त्याच्या हाडांची चर्चा करून आम्ही इतके सरावलो होतो की हाडांशिवायही माणसाला काही होऊ शकतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. झोपेतच हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, शुगरवाल्यांना कधीकधी दुखतही नाही. ही माहिती त्यांनी सांत्वन म्हणून दिली असावी.

तो पडला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमच्याकडचा दगड वाळूचा. पाऊस पडून गेला की तो आतून ओला राहतो आणि वरून कोरडा दिसतो, म्हणून दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, हा नियम नंदूनंच आम्हाला पढवला होता. त्या फेब्रुवारीत गारा पडल्या, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि नियम शिकवणारा माणूस दगडावर हात फिरवून म्हणाला, ‘सूख गया है.’ त्यानं पहिल्या खुंटीत दोर अडकवण्याआधीच हाताखालची कपची निघाली. दोर माझ्या हातात होता, पण जो दोर अजून कुठेच अडकवलेला नाही तो धरून ठेवण्यात काही अर्थ नसतो. नंदू खालच्या राडारोड्यावर पडला, मांडीचं हाड आणि टाच मोडून घेतली, आणि कपचीकडे बोट करून मला म्हणाला, ‘प्रोफेसर, देखा? मैं हमेशा कहता था ना.’

दवाखान्यातून घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. इंदरगंजमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्याचं भाड्याचं घर. घरमालकानं जागा वाचवायला बाहेरून गोल लोखंडी जिना बसवलेला, इतका अरुंद की त्या घरात फ्रीज, कपाट, पलंग, सगळं गॅलरीतून दोरानं वर आलं होतं. प्लास्टरमधला माणूस त्या जिन्यात बसत नाही. आणि दर मंगळवारी त्याला तपासणीला आणि व्यायामाला न्यायचं होतं.

आमच्याकडे एक स्ट्रेचर होता. वर्गणी काढून घेतलेला, कधी न वापरलेला. सलीमचं बिर्ला नगरात वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला पट्टी ठोकून कप्पी बसवली, आणि मंगळवारी सकाळी आम्ही नंदूला गॅलरीतून खाली सोडू लागलो. खोटं कशाला बोला, आम्हाला त्यात मजा येत होती. वर्षानुवर्षं बचावाचा सराव करायचा आणि वाचवायला कोणी मिळायचं नाही, ही गिर्यारोहकांची न बोललेली खंत असते. गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन बघायला उभी राहत. नंदू आभाळाकडे तोंड करून आडवा लटकत असे आणि त्याचा चेहरा फक्त आम्हाला, वरच्यांना, दिसे. त्या चेहऱ्यावर मजा नव्हती.

‘मी काय फ्रीज आहे?’ एकदा तो शोभाला म्हणाला. शोभा म्हणजे त्याची बायको. ती म्हणाली, ‘फ्रीज कुरकुर करत नाही. गप पडून राहा.’

टोळीचा एक नियम मात्र त्यानं तिथेही सोडला नाही. ज्याचं वजन दोरावर, हुकूम त्याचा. वरचा विचारणार, ‘बोलो’, आणि लटकणारा ‘छोडो’ म्हणेपर्यंत दोर बोटभरही ढिला करायचा नाही. नंदू ते ‘छोडो’ टेम्पोवाल्याला पुढे जायला सांगावं तसं म्हणायचा. त्या आडव्या अवस्थेत त्याच्या हातात एवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती तो कोणाला देत नव्हता.

उन्हाळ्यात वॉर्डातले एक नेते शाल-श्रीफळ आणि फोटोग्राफर घेऊन आले. ‘जिद्दीचं प्रतीक’ असा बोर्डही छापून आणला होता. त्यांना सत्कार अधांतरीच करायचा होता, म्हणजे फोटोत दोर दिसेल. नंदू पहिल्या मजल्याच्या उंचीवर लटकत असताना खालून त्यांनी भाषण सुरू केलं. तो म्हणाला, ‘नेताजी, पहले उतर तो जाने दो. नारळ इथे दिलात आणि हातातून सुटला तर तुमचाच सत्कार होईल.’

हाड जुळायला शुगरमुळे फार वेळ लागला. दिवाळीच्या सुमारास काठी आली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जिना करा. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. दुकान नको, खाण नको. स्वतःच्या पायांनी जिन्यानं उतरून गल्लीत उभं राहायचं, एवढंच. आम्ही मात्र दर मंगळवारी दोर घेऊन हजर. सलीम म्हणायचा, ‘नंदूभाई, सीढ़ी पे गिरे तो? रस्सी पे तो हम हैं.’ नंदू एकदा शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही आहात म्हणूनच तर मी अजून वर आहे.’ आम्ही गच्चीवर गेलो आणि त्याला उतरवलं... नेहमीसारखं.

जानेवारीत तो उतरला. तेजू खालच्या बाजूला उलटी चालत, मी वर कमरेचा दोर धरून. शोभा कपाळाला हात लावून म्हणाली, ‘जिन्यातपण दोर? भाऊजी, तुम्ही लोक देवळातसुद्धा दोर बांधूनच जाल.’ प्रत्येक पायरीवर नंदू थांबे, आधी टाच टेके, मग शिवी देई, मग उतरे. खाली पोचल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण रविवार सकाळ होती आणि गल्ली झोपलेली होती. तो घामाघूम होऊन शेवटच्या पायरीवर बसला. मी विचारलं, आता वर कसं? म्हणाला, ‘रस्सी से. मला फक्त जायचं होतं.’

त्यानंतर तो अधूनमधून जिन्यानं उतरायचा. जेमतेम महिनाभर. मग ती सकाळ आली.

तिरडी खाली बांधून तयार होती. नंदूचे काका, आबा, वर आले आणि आमच्या हातातला दोर पाहून तापले. ‘हे काय सर्कस? माणूस दारातून जातो. जिन्यानं न्या. त्यासाठीच मेला वर्षभर झटला ना?’ त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही सगळे जिन्याकडे बघत राहिलो. शोभा आतून आली. तिनं डोळे पुसलेले नव्हते, पण आवाज नीट होता. ‘आबा, जिन्यात ह्यांना दुमडावं लागेल,’ ती म्हणाली. ‘गॅलरीतून सरळ जातील.’

मी आणि सलीम गच्चीवर गेलो. तेजूनं पट्टे आवळले, एकदा तपासले, पुन्हा तपासले. स्ट्रेचर कठड्याबाहेर आला, दोर ताणला गेला, आणि सलीम सवयीनं खाली वाकून म्हणाला, ‘बोलो, नंदूभाई.’

म्हणाला आणि पांढरा पडला. पण दोर त्यानं सोडला नाही. मीही सोडला नाही. आमच्या हातांना वाट पाहायची सवय होती आणि हात वाट पाहत राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही... कोणी तरी काही तरी म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायचा हक्क आमच्यापैकी कोणालाच नव्हता. मग शोभानं कठड्यावरून हात लांब करून स्ट्रेचरवर ठेवला.

‘छोडो,’ ती म्हणाली.

आम्ही सोडला. इतका संथ, इतका समतोल आम्ही त्याला कधीच उतरवला नव्हता. पाहणाऱ्यांत कोणाच्याही हातात कप नव्हता.

आम्ही अजून मंगळवारी जातो. ठरवून नाही, सकाळी पाय तिकडे वळतात. सलीम गच्चीवर जाऊन कप्पीला तेल देतो, का ते विचारायचं नाही. तेजू गॅलरीत उभी राहते. शोभा चहा आणते आणि आम्ही पितो. चहा आता चांगला होतो. इतकी वर्षं त्या घरात पथ्य एकाचं होतं आणि बिनसाखरेचा मात्र सगळ्यांना मिळायचा.