वासराचं दावं

काल अंगणात पेट्रोलचा वास आला आणि मला कवठे महांकाळकडचं आमचं ज्वारी काढलेलं रान आठवलं. पंचाण्णव साल असेल. आमच्या ह्यांची फौजेतली सुट्टी दुसऱ्या दिवशी संपणार, मग मोटरसायकलवरून दुधाचे कॅन डेअरीत मलाच न्यायचे होते. हे मला त्या रानातच शिकवत होते, पण गाडी दरवेळी हिसका देऊन बंद पडायची. "क्लच हळू सोड," हे ओरडायचे. शेवटी बांधावरनं सासूबाई म्हणाल्या, "आरं, ती काय पलटणीत हाय व्हय? पोरी, वासरू पाजायला दावं कसं ढिलं करतीस? एकदम सोडलं तर उधळतंय न्हवं?" मी तसाच हात ढिला केला आणि गाडी सुरळीत निघाली. आता अंगणात नात मोटरसायकल शिकतेय, तिलाही हेच सांगितलं. "आजी, दावं म्हणजे?" म्हणाली. मग गाडी तिथंच ठेवली आणि तिला आधी शेजारच्या गोठ्यात नेलं.