काचेखालची झडप

परवा मुखेडचा रस्ता पुन्हा उकरलेला होता. गाडी चालवणाऱ्या लेकीनं पंखा वाढवला, झडपेतून मातीचा कोरडा वास आला आणि मला ती जीप आठवली.

तेव्हा ही लेक बारा दिवसांची होती. देगलूरच्या दवाखान्यातून आई मला माहेरी नेत होती. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तिनं सगळ्या काचा लावल्या आणि समोरच्या काचेखालच्या झडपेत लुगड्याचं फडकं कोंबलं. तरी मागच्या दाराच्या फटीतून धुरळा आत येतच होता. लेक खोकली, खोकली आणि एकदम गप्प झाली. तिचे ओठ निळे पडले.

"माय, ते फडकं काढा!" ड्रायव्हर ओरडला. "समोरून वारं शिरलं की मागून धूळ येत न्हाई."

"वारं लागून पोरगी मरंल माझी!" आई म्हणाली.

"अन् माझी?" मी फडकं उपसलं.

वारं भसकन आत घुसलं. धुरळा हळूहळू विरला. कितीतरी वेळानं लेक रडली.

आईनं तेच फडकं झटकून माझे कान घट्ट बांधले. तेव्हा मला तो तिचा हट्ट वाटला होता.