ट्रेन आणि गोऱ्ह्यामागचा ओंडका

मी शिकलो तो बोरीच्या माझ्या काकांमुळे. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. स्वतः मात्र ते कधी शाळेत गेले नव्हते. निजामाच्या राज्यात पुढचं शिक्षण हैदराबादेत, तेही उर्दूत. वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, टिकली तरच माझं कॉलेज टिकणार होतं, आणि त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती.

सुट्टी संपवून निघालो तेव्हा काका परभणी स्टेशनपर्यंत आले.

"त्वांड का उतरलंय रं?"

"इंग्रजीत अडलो तर, काका?"

"अडलास तर घरी ये. गोऱ्हा शिकवायचाय. माझ्या एकट्याच्यानं त्याच्यामागं पळणं होत न्हाई आता."

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांचे गुडघे मला ठाऊक होते.

परीक्षकांनी विचारलं, "ट्रेन म्हणजे?" इतका सोपा शब्द ऐकून मी अधिकच घाबरलो.

"रेलगाडी."

"और?"

"शिकवणं. तालीम."

"और?"

डिक्शनरीतलं पान आठवत मी चाचपडत सांगितलं: राजामागून चालणारा लवाजमा, मडमेच्या झग्याचा मागे लोळणारा घोळ, एकामागून एक येणारे विचार.

"मग या सगळ्यांचं मूळ एक कसं?"

तेही त्याच पानावर होतं. आठवेना. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. दारातला शिपाई पुढच्या मुलाकडे वळला.

तेवढ्यात मला गोऱ्हा दिसला. आमच्याकडे त्याला एकदम औताला जुंपत नाहीत. आधी मानेवर जू ठेवतात, मागे नुसता ओंडका बांधतात आणि रानात फिरवतात. ओंडका मातीत रेघ काढत जातो आणि त्यामागून गावची पोरं.

"ओढणं, साहेब," मी म्हणालो, आणि हे सगळं सांगून टाकलं.

"तालीम थोड्या वेगळ्या वाटेनं आली," ते म्हणाले. "वेलीला ओढून वळण लावतात, तिथून. पण मूळ ओढणंच." टोपण पुन्हा निघालं.

वजीफा कायम झाल्याचं कळलं, तेव्हा आनंदाआधी काकांचे गुडघे आठवले. त्याच दुपारी लिहिलं:

"तीर्थरूप काका, वजीफा टिकला. तुमच्या गोऱ्ह्यानं वाचवलं. कसं ते आल्यावर सांगतो. पण आता उन्हाळ्यापर्यंत येणं होणार नाही. त्याला एकट्यानं रानात नेऊ नका. शेजाऱ्यांना बोलवा, नाहीतर मी येईपर्यंत तो तसाच राहू द्या. हे पत्र जे वाचून दाखवतील त्यांच्याकडूनच उत्तर लिहून घ्या. गुडघे कसे आहेत ते खरं कळवा."