नाक्यापर्यंतची काळजी

थंडीच्या दिवसांत तोरण्याकडचा वारा नसरापुरात उतरतो, तेव्हा त्याच्या अंगाला वाळल्या गवताचा, गोठ्यांचा आणि कुठंतरी पेटलेल्या पाचोळ्याचा संमिश्र गंध असतो. रविवारी सकाळी मी दार उघडं टाकते. त्या गंधाच्या सोबतीनं एकेक मैत्रीण आत येते. भोर-वेल्ह्याच्या गावांतून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जाणाऱ्या आम्ही काहीजणी. कुणाला मुलाखतीची तयारी करायची असते, कुणाला बाळंतपणानंतर पुन्हा कामावर रुजू व्हायचं असतं, कुणाला नुसतंच बोलायचं असतं. एकटीनं गिळलेला अपमान हळूहळू आपलाच दोष वाटू लागतो, हे तुम्हीही कधी अनुभवलं असेल ना? तसं वाटू नये, एवढ्यासाठी आम्ही जमतो.

अशाच एका रविवारी सुवर्णा आली. माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, मेंढरं राखणाऱ्यांचं. सासर शिवऱ्यात, शेतकऱ्यांचं. कंपनीत अख्ख्या गटाचं काम तीच सांभाळत होती, पद तेवढं नव्हतं. गटप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मिळाली तिनंच शिकवून तयार केलेल्या एका तरुणाला. साहेबांनी तिला बोलावून अत्यंत मृदू स्वरात कारण सांगितलं होतं. प्रमुखाला उशिरापर्यंत थांबावं लागतं, कंपनीची गाडी टोलनाक्याच्या पुढं, तुमच्या गावाकडं जात नाही, तेव्हा तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे!

"त्यांना माझी काळजी वाटली, ताई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेच मला असह्य झालं. काळजी! अन्याय किती तलम वस्त्रात गुंडाळून हाती ठेवतात, की घेणारीनं वर आभारही मानावेत! रस्ता असुरक्षित, तर रस्ता सुधारायचा की बाईला अडवायचं? आणि नाक्याच्या पलीकडे आम्ही राहतो, हा अपराध आमचा कधीपासून झाला?

राजश्री त्याच कंपनीत, दुसऱ्या विभागात. राहायला वेल्ह्यात. संतापली की तिची शहरी भाषा गळून पडते. "नाक्यापुढं जात न्हाई? अगं, दर शुक्रवारी तीच गाडी मोठ्या साहेबांना घिऊन आमच्या वेल्ह्यात त्यांच्या फार्महाऊसवर येती की! मी सोता बघती."

सुवर्णाच्या सासूबाई बाजाराला आल्या होत्या, सुनेसाठी थांबून उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्याच पहिल्यांदा बोलल्या. "येवढी काळजी हाय व्हय त्यास्नी? मग गाडी दारापत्तूर सोडा म्हनावं!"

आम्ही हसलो, आणि हसता हसताच आमच्यातली भीती सरली. सोमवारी सुवर्णा साहेबांसमोर उभी राहिली ती एकटी नव्हे. राजश्री होती, कंपनीतल्या आणखी काही बायका होत्या. काय विचारायचं, कुठं थांबायचं, याची उजळणी आम्ही माझ्याच घरी केली होती. सुवर्णानं एकच प्रश्न विचारला. शुक्रवारी नाका ओलांडणारी गाडी इतर दिवशी का अडते?

महिन्याभरात गाडी शिवऱ्यापर्यंत येऊ लागली. पद? ते 'पुढच्या वर्षी बघू'! जे एकटीच्या गुणांवर मिळायला हवं होतं, त्याचा अर्धा तुकडा पदरात पडायला इतक्या जणींना दार ठोठावावं लागलं. याला विजय म्हणून मिरवायचं की लाज म्हणून सांगायचं? माझा संताप तेव्हा शमला नाही, आजही शमलेला नाही, आणि तो शमावा अशी माझी इच्छाही नाही.

सुवर्णानं त्या 'पुढच्या वर्षा'ची वाट पाहिली नाही. आमच्यातल्याच एकीनं तिचं काम आपल्या कंपनीत दाखवलं, शब्द टाकला. तिथं रीतसर मुलाखत होऊन ती गटप्रमुख झाली. परवा तिचा फोन आला. आयुष्यात प्रथमच ती मेजाच्या पलीकडे बसून मुलाखती घेत होती. भोरकडची एक मुलगी आत आली आणि कुणी काही विचारायच्या आधीच, चुकल्यासारखी, सांगू लागली, "मॅडम, मी जरा लांबून येते, पण..."

"मी तिला तिथंच थांबवलं, ताई," सुवर्णा म्हणाली. "म्हटलं, ते राहू दे. तुझं काम सांग."